जिल्हा जालना, मतदारसंघ परभणी

अंतरवाली सराटी हे गाव जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात मोडते. लोकसभेसाठी मात्र तेथील मतदार परभणीचा खासदार निवडून देतात. गावाच्या मतदार यादीचे पहिले पान पाहिले की ही दुहेरी ओळख एकाच कागदावर दिसते: विधानसभा मतदारसंघ 100, घनसावंगी, तो ज्या लोकसभा मतदारसंघात समाविष्ट आहे तो 17, परभणी, आणि खाली तालुका अंबड, जिल्हा जालना. परभणी शहर येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे, तर जालना साधारण त्याच्या निम्म्या अंतरावर. ऑगस्ट 2023 नंतर ज्या गावाचे नाव मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे देशभर पोहोचले, त्याचे संसदेतील प्रतिनिधित्व शेजारच्या जिल्ह्याच्या नावाने का होते, हे समजून घ्यायचे तर मतदारसंघ कसा आखला जातो येथपासून सुरुवात करावी लागते.

लोकसंख्येच्या प्रमाणात मतदारसंघांच्या सीमा नव्याने ठरवण्याच्या प्रक्रियेला परिसीमन किंवा पुनर्रचना म्हणतात. सध्याच्या सीमा 2002 च्या परिसीमन कायद्यानुसार न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 2001 च्या जनगणनेवरून आखल्या आणि 2008 मध्ये त्या अमलात आल्या. महाराष्ट्रात विधानसभेच्या 288 आणि लोकसभेच्या 48 जागा असल्याने एका खासदाराच्या वाट्याला सहा विधानसभा मतदारसंघ येतात, आणि विधानसभा मतदारसंघ तोडून दोन लोकसभा मतदारसंघांत वाटता येत नाही. जालना जिल्ह्याच्या वाट्याला पाच विधानसभा मतदारसंघ आले (परतूर, घनसावंगी, जालना, बदनापूर, भोकरदन), परभणीच्या वाट्याला चार आणि तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वाट्याला नऊ. तिघांची बेरीज अठरा होते आणि अठरातून तीन लोकसभा मतदारसंघ नेमके बसतात. परंतु जालना आणि परभणी यांपैकी कोणाचाही स्वतंत्रपणे मेळ बसत नाही. जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी या चारांना जालन्याकडून परतूर व घनसावंगी हे दोन मिळाले, आणि जालन्याची उरलेली तीनची तूट सिल्लोड, फुलंब्री व पैठण यांनी भरून काढली. अंतरवाली सराटी परभणीकडे गेली ती या हिशेबात.

परतूर आणि घनसावंगी या परभणीला झालेल्या दोन जोडण्यांचे स्वरूप सारखे नाही, आणि तो फरक लक्षात घेण्याजोगा आहे. 1 मे 1981 रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा परतूर तालुका परभणी जिल्ह्यातून काढून त्यात घातला गेला. त्यामुळे परतूरचे परभणीशी नाते जुने आहे. अंबडचा भाग मात्र औरंगाबादकडून जालन्यात आला. किंबहुना 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना, अंबड याच नावाचा लोकसभा मतदारसंघ होता आणि तेथून काँग्रेसचे हनुमंतराव वैष्णव निवडून गेले होते. त्याच वेळी परभणीने शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नारायणराव वाघमारे यांना दिल्लीला पाठवले. पुढे अंबडचे नाव लोकसभेच्या यादीतून गेले आणि जालन्याचे आले.

परभणीची पुढची वाटचाल दीर्घकाळ काँग्रेसच्या बाजूने राहिली; 1977 मध्ये शेकापचे शेषराव देशमुख निवडून आले आणि 1989 मध्ये शिवसेनेच्या पाठबळावर अशोकराव देशमुख विजयी झाले. शिवसेनेचा मराठवाड्यातील पाया ज्या निवडणुकांनी घातला, त्यांत परभणीची ही लढत गणावी लागते, कारण 1998 चा अपवाद वगळता या मतदारसंघाने तेव्हापासून त्याच परंपरेतील उमेदवार निवडला आहे. शेजारच्या जालन्यात 1999 ते 2019 या काळात भारतीय जनता पक्षाचे रावसाहेब दानवे सलग पाच वेळा निवडून आले.

भूगोल पाहिला तर घनसावंगीला परभणीशी जोडण्यात एक अर्थ सापडतो. जायकवाडी धरणाचा 208 किलोमीटर लांबीचा पैठण डावा कालवा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून निघून अंबड-घनसावंगीच्या बाजूने परभणीकडे जातो, आणि उसाचे, कापसाचे, पाणीपाळीचे प्रश्न या पट्ट्यात समान आहेत. तथापि कालव्याचे मुख जेथे आहे ते पैठण जालना लोकसभेत आणि त्याची खालची शिवारे परभणी लोकसभेत, अशी विभागणी झाल्याने पाण्याच्या भांडणात वरचा आणि खालचा शेतकरी दोन वेगळ्या खासदारांकडे जातो. कायद्याने आयोगाला भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय यांचा विचार शक्य तितका करण्यास सांगितले आहे. येथे संख्येचा मेळ साधताना प्रशासकीय सीमा आणि सोय या दोन्ही गोष्टी मागे पडल्या, असेच म्हणावे लागते.

ज्या देशाकडून भारताने एका जागेला एक प्रतिनिधी ही पद्धत घेतली, त्या इंग्लंडमध्ये मतदारसंघ कसे आखावेत हा प्रश्न अधिक जुना आहे. तेथे 1832 च्या सुधारणा कायद्यापर्यंत ओल्ड सेरमसारखे जवळजवळ निर्मनुष्य झालेले ठिकाणही दोन खासदार निवडत असे. 2023 च्या सीमा-फेररचनेत, मोजके अपवाद सोडता, प्रत्येक मतदारसंघात सुमारे 73 हजार मतदार असावेत आणि फरक पाच टक्क्यांहून अधिक नसावा असे बंधन होते. त्या फेररचनेनंतर एकट्या इंग्लंडच्या वाट्याला 543 जागा आल्या, म्हणजे भारताच्या लोकसभेइतक्याच. परंतु परभणीच्या खासदारामागे 2024 मध्ये एकवीस लाखांहून अधिक मतदार होते. इतक्या मोठ्या क्षेत्रात एका गावाचा आवाज खासदारापर्यंत पोहोचणे मुळातच कठीण असते आणि जिल्हा वेगळा असेल तर ते आणखी कठीण होते. रस्ता, पाणी, जमीन यांसाठी ग्रामस्थ अंबडच्या तहसीलात आणि जालन्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातात, तर लोकसभेचे उमेदवारी अर्ज परभणीत दाखल होतात.

29 ऑगस्ट 2023 रोजी मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीत उपोषण सुरू केले आणि 1 सप्टेंबरला आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हापासून या सीमारेषेला राजकीय महत्त्व आले. जून 2024 मध्ये जवळच्याच वडीगोद्रीत लक्ष्मण हाके यांनी ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण केले. आरक्षणाच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू अशा प्रकारे एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या, आणि दोन्हींच्या मागे कोरडवाहू शेती, अपुऱ्या नोकऱ्या व शिक्षणाचा वाढता खर्च यांचे ओझे होते, हे विसरता येत नाही.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत एकाच जिल्ह्यातील मतदान दोन वेगळ्या दिवशी झाले: घनसावंगी व परतूर येथे परभणीबरोबर 26 एप्रिलला, तर जालना, बदनापूर, भोकरदन येथे 13 मे रोजी. परभणीत शिवसेनेच्या ठाकरे गटाचे संजय जाधव यांनी राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर यांचा 1,34,061 मतांनी पराभव केला. जालन्यात काँग्रेसचे कल्याण काळे यांनी दानवे यांना एक लाखाहून अधिक मतांनी हरवले. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत चित्र पालटले. 1999 पासून आधी अंबड व नंतर घनसावंगीतून निवडून येणारे राजेश टोपे हे शिवसेनेच्या शिंदे गटाचे हिकमत उढाण यांच्याकडून अडीच हजारांहून कमी मतांनी पराभूत झाले. पाच महिन्यांत झालेला हा बदल एका आंदोलनाच्या नावावर टाकणे सोपे आहे, पण अपुरे. स्थानिक उमेदवार, कारखान्यांचे राजकारण आणि मतविभागणी यांचा वाटा त्यात मोठा होता.

लोकसभेच्या जागांची राज्यनिहाय संख्या 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्यानंतर नवा आयोग नेमला जाईल तेव्हा तीन जिल्ह्यांच्या विधानसभा जागांचे 9, 5 आणि 4 हे आकडे बदलू शकतात, आणि घनसावंगी कोठे जाईल हेही नव्याने ठरेल. 2002 च्या कायद्यानुसार आयोगाला आपला मसुदा राजपत्रात आणि स्थानिक भाषेतील किमान दोन वृत्तपत्रांत छापून हरकती मागवाव्या लागल्या आणि जाहीर सुनावणी घ्यावी लागली. नव्या कायद्यात हीच तरतूद राहिली, तर जालन्यात राहून परभणीला मत देणाऱ्या गावांना आपल्या सोयीचा प्रश्न लेखी मांडण्याची संधी त्या सुनावणीत मिळेल, आणि अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान देण्यावर संविधानाच्या अनुच्छेद 329 ची बंधने असल्याने, ती बहुधा एकमेव संधी असेल.