ज्यास मालक नाहीं असें जाळें

आठवीच्या वर्गांत इतिहासाचा तास चालू असतां एका विद्यार्थिनीनें मध्येंच विचारलें, "सर, रेल्वे सरकारची, टपालखातें सरकारचें, मग वेबचा मालक कोण?" घंटा व्हावयास दोन मिनिटें उरलीं होतीं. "कोणीच नाहीं," एवढेंच उत्तर त्या वेळीं देतां आलें. परंतु एवढ्या मोठ्या वस्तूस मालक नाहीं हें आपोआप घडलेलें नाहीं; तें बुद्ध्या घडवून आणलेलें आहे. ही हकीकत पालकांनींही वाचावी अशी इच्छा आहे. ज्या वस्तूवरून घरोघरीं रोज कलह होतो ती कोणी व कोणत्या हेतूनें केली, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंटरनेट व वेब ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. इंटरनेट म्हणजे संगणकांस जोडणाऱ्या तारा व त्यांवरून संदेश धाडण्याचे नियम; तें वेबच्या पुष्कळ आधींचें आहे. त्यास रस्ता म्हटलें तर वेब ही त्या रस्त्यावरील एक वाहतूक होय. तिची रचना टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थांनीं केली.

त्यांचा जन्म ८ जून १९५५ रोजीं लंडन येथें झाला. आई व वडील दोघेंही गणिती. विक्रीसाठीं तयार झालेल्या अगदीं पहिल्या संगणकांपैकीं फेरांटी मार्क १ ह्यावर दोघांनीं काम केलें होतें. मुलास खेळण्यांतील आगगाडीचा नाद होता, आणि त्यांतूनच त्यास विजेच्या उपकरणांची गोडी लागली. ऑक्सफर्ड येथें पदार्थविज्ञान शिकत असतां त्यानें एक जुना टेलिव्हिजन घेऊन स्वतः संगणक बनविला. (विद्यार्थ्यांनीं हें वाचून घरचा टेलिव्हिजन उघडूं नये!)

जिनीव्हा शहराजवळ सर्न नांवाची पदार्थविज्ञानाच्या संशोधनाची संस्था आहे. तेथें देशोदेशींचे शास्त्रज्ञ येत, यंत्रें नाना तऱ्हेचीं असत, आणि एका यंत्रांतील माहिती दुसऱ्यावर सहज वाचतां येत नसे. ह्यावर उपाय म्हणून बर्नर्स-ली ह्यांनीं १९८९ च्या मार्च महिन्यांत एक टिपण वरिष्ठांस दिलें. माइक सेंडल ह्या वरिष्ठांनीं त्यावर शेरा मारला तो असा कीं, कल्पना अस्पष्ट आहे, परंतु हुरूप आणणारी आहे. आम्हां शिक्षकांनीं वह्या तपासतांना हा शेरा लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

१९९० च्या अखेरीस सर्व सिद्ध झालें. त्यांत मुख्य गोष्टी तीन: प्रत्येक पानास एक स्वतंत्र पत्ता, तें पान दूरच्या यंत्राकडे मागण्याची ठरलेली रीत, आणि पान लिहितांना हें शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, असें सांगणाऱ्या साध्या खुणा. पत्त्यांत जे दोन तिरपे दंड येतात त्यांची वस्तुतः गरज नव्हती, अशी कबुली त्यांनीं २००९ सालीं मोकळेपणें दिली.

परंतु खरें मर्म दुव्यांत आहे. त्यापूर्वींच्या कित्येक योजनांत दुवा तुटूं नये म्हणून सर्व दुव्यांची नोंद ठेवण्याची व्यवस्था असे. नोंद आली म्हणजे नोंद ठेवणारा कारकून आला, आणि कारकून आला म्हणजे परवानगी आली. बर्नर्स-ली ह्यांनीं ही नोंदच काढून टाकली. कोणींही, कोणाच्याही पानाकडे, न विचारतां दुवा द्यावा. समोरचें पान नाहींसें झालें तर दुवा तुटेल, तो तुटो. "पान सापडलें नाहीं" असा जो निरोप आपण वारंवार वाचतों, तो ह्या मोकळिकीचें मोल होय.

त्याच काळीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाची गोफर नांवाची अशीच एक पद्धति वेबहून अधिक लोकप्रिय होती. १९९३ च्या आरंभीं विद्यापीठानें तिच्या कांहीं वापराबद्दल शुल्क घेण्याचें जाहीर केलें आणि लोक बिचकले. आज थोडें मागतात, उद्यां किती मागतील? बर्नर्स-ली व त्यांचे सहकारी रॉबेर कायो ह्यांनीं सर्नच्या चालकांकडे पाठपुरावा केला, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें वेबच्या मूळ कार्यक्रमांवरील आपला हक्क सोडून ते सर्व जगाच्या स्वाधीन केले. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर ह्या तारखेंत आहे.

अशा मनुष्याची श्रद्धा कोणती, असें मिशन शाळेंत कोणी विचारणारच. त्यांचें लहानपण इंग्लंडच्या चर्चमध्यें गेलें. दृढीकरण झाल्यावर लवकरच त्यांनीं तें सोडलें. पुढें अमेरिकेंत, मुलें झाल्यावर, ते युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळींत जाऊं लागले. तींत सर्वांस बंधनकारक असा मतांगीकार नाहीं. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे युनिटेरियनांच्याच शिष्यवृत्तीवर १९०१ सालीं ऑक्सफर्डला गेले होते, म्हणून हें नांव महाराष्ट्रास अगदीं अपरिचित नाहीं. वेबची रचना आपण ह्या श्रद्धेवरून केली नाहीं, असें बर्नर्स-ली ह्यांनीं एका निबंधांत स्पष्ट लिहिलें आहे; दोहोंत मुख्य सत्ता एके ठिकाणीं नाहीं, एवढें साम्य मात्र त्यांस दिसलें. आमचा मतांगीकार आम्हांस प्रिय आहे. तरी आपल्या कार्यास उगाच धर्माचा मुलामा न देण्याचा हा प्रामाणिकपणा आवडला.

१९९४ सालीं त्यांनीं वेबचे नियम ठरविणारी संस्था स्थापन केली, आणि तेव्हांपासून चालू घडामोडींशीं त्यांचा संबंध सुटला नाहीं. ठराविक संकेतस्थळें तेवढीं फुकट देणाऱ्या योजनांस नकार द्यावा, असें ते सांगत. आपल्या देशांत ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें असा भेद करण्यास मनाई केली, व फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना येथें बंद पडली. त्यांचें सारेंच मान्य झालें असें नव्हे. २०१७ सालीं चित्रपटांस कुलूप घालण्याची सोय वेबच्या नियमांत घेण्यास त्यांनीं संमति दिली, तेव्हां मोकळिकीच्या कैवाऱ्यांनीं त्यांस दोष दिला; आमच्या मतें तो निराधार नव्हता. पुढच्याच वर्षीं केंब्रिज अनॅलिटिका ह्या कंपनीनें फेसबुकवरील कोट्यवधि लोकांची माहिती त्यांच्या नकळत मिळविल्याचें उघड झालें. वेबला मालक नसला तरी तिच्यावर बांधलेल्या वाड्यांस मालक आहेत, हें मुलांस समजावून सांगणें आतां पालकांचेंही काम झालें आहे. बर्नर्स-ली स्वतः 'सॉलिड' नांवाची पद्धति पुढें आणीत आहेत. तींत प्रत्येकाची माहिती त्याच्याच ताब्यांत राहावी अशी योजना आहे.

जगांतील पहिलें संकेतस्थळ सर्ननें २०१३ सालीं पुन्हां जुन्या पत्त्यावर मांडलें. तें आमच्या संगणकखोलींत उघडून पाहिलें. चित्र नाहीं, जाहिरात नाहीं, कोणी नांव विचारीत नाहीं. पांढऱ्या भूमीवर काळीं अक्षरें आणि निळे दुवे. ती विद्यार्थिनी दहा मिनिटें वाचीत बसली. कोणत्या दुव्यावरून कोठें जातां येतें ह्याचा नकाशा तिनें आपल्या वहींत काढला आहे.