समुद्रकांठची सहल आणि भरतीचें गणित

रविवारची सुटी आली कीं मुंबईचा गृहस्थ मुलाबाळांसह समुद्राची वाट धरतो. ह्यांत नवल कांहीं नाहीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत आठवडा काढणाऱ्या कुटुंबाला मोकळा वारा आणि क्षितिजापर्यंत पोंचणारी दृष्टि विनामूल्य मिळावी, असें ठिकाण त्या शहरांत दुसरें कोणतें? गृहिणी पहांटे उठून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी डब्यांत भरते, यजमान गाड्यांच्या वेळा पाहून ठेवतात, मुलें चेंडू शोधून काढतात. एवढ्या तयारींत एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. ज्याच्या भेटीस जावयाचें, त्या समुद्राची वेळ कोणी विचारीत नाहीं.

वांद्र्याच्या दक्षिण टोकाचेंच उदाहरण घ्यावें. पोर्तुगीजांनीं १६४० सालीं येथें एक लहानसा किल्ला बांधला. त्याचे अवशेष आजही उभे असून त्यांच्या लगत उतारावर बाग आहे. समोर २००९ सालीं रहदारीस खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतु दिसतो. ह्या टोकाशीं आणि तेथून उत्तरेस बँडस्टँडच्या रस्त्याकडेनें काळ्या खडकांची रांग समुद्रांत शिरलेली आहे. ओहोटी असतां हे खडक कोरडे पडतात. त्यांच्या खळग्यांत सांचलेल्या पाण्यांत खेकडे धांवतात, शिंपले सांपडतात, आणि मुलांचा पाय तेथून निघत नाहीं. परंतु ही भूमि समुद्रानें कांहीं तासांपुरती उसनी दिलेली असते. दिवसांतून दोन वेळां तो ती परत घेतो.

हें देणें-घेणें कसें चालतें, तें समजून घेण्यासारखें आहे. चंद्राच्या आकर्षणामुळें पृथ्वीवरील पाण्यास दोन फुगवटे येतात, एक चंद्राच्या बाजूस व दुसरा त्याच्या विरुद्ध बाजूस. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते, म्हणून किनाऱ्यास दिवसांतून दोन भरत्या अनुभवास येतात. पृथ्वीची एक फेरी पुरी होते न होते तोंच चंद्रही आपल्या मार्गावर पुढें सरकलेला असतो. त्याला गांठण्यास तिला सुमारें ५० मिनिटें अधिक लागतात, आणि भरतीही रोज तितकीच उशिरा येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें १२ तास २५ मिनिटें जातात. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्याचें आकर्षण चंद्राच्या आकर्षणाला मिळतें, तेव्हां उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास तीं दोन्ही आकर्षणें काटकोनांत पडून भरतीचा जोर ओसरतो. त्याला कोंकणांत भांगाची भरती म्हणतात. मुंबईस उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी ह्यांच्या पातळींतील अंतर सरासरीनें ३·६ मीटर, तर भांगाच्या दिवसांत दीड मीटरच्या आसपास असतें.

भरती चंद्राच्या हातीं असल्यामुळें तिची वेळ तिथीवरून काढतां येते. किनाऱ्यावरील कोळी व खलाशी ह्यांचा त्याविषयींचा ठोकताळा अगदीं सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तो आंकडा पूर्ण भरतीची वेळ दाखवितो. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब एकच. पौर्णिमेस व अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते. प्रत्यक्षांत भरती बाराच्या सुमारास पूर्ण होते. भरतीनंतर सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. ह्या ठोकताळ्यांत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडूं शकतो. नेमकी वेळ हवी असल्यास छापील कोष्टकांत किंवा हल्लीं मोबाईलवरही ती पाहतां येते. पण ज्याच्या भिंतीवर दिनदर्शिका आहे, त्याला घरबसल्या अंदाज करण्यास अडचण नाहीं.

पाणी चढण्याची रीत मात्र फसवी असते. तें सर्व वेळ सारख्या वेगानें चढत नाहीं. सहा तासांच्या चढणीचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासांत एक भाग, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्या व चौथ्यांत तीन-तीन, पांचव्यांत दोन आणि सहाव्यांत एक, असा क्रम साधारणतः लागतो. म्हणजे उधाणाच्या दिवशीं पहिल्या तासांत पाणी वीतभरापेक्षां थोडेंच अधिक चढतें, आणि तिसऱ्या तासांत तेंच तीन फूट चढतें. ओहोटीच्या वेळीं खडकावर चादर अंथरून बसलेल्या मंडळींना तासभर कांहींच बदललेलें दिसत नाहीं, आणि ती निर्धास्त होतात. शिवाय खडक सपाट नसतात. पुष्कळदां बसण्याचा उंचवटा समुद्राकडे आणि सखल घळ पाठीमागें, किनाऱ्याच्या बाजूस असते. पाणी प्रथम त्या घळींत भरतें. समोर पाहत बसलेल्यांचे पाय अजून कोरडे असतात, आणि परतीची वाट मात्र बुडालेली असते.

सावध मनुष्याला खडक स्वतःच इशारा देतो. ज्या दगडाला कालवें चिकटलेलीं आहेत किंवा ज्यावर ओलें शेवाळ आहे, तेथपर्यंत समुद्र नेहमीं येतो, हें ओळखावें. अशा दगडावर डबा उघडूं नये आणि मुलाला एकटें सोडूं नये. पावसाळ्यांत तर हिशेबावरही विसंबूं नये, कारण गणित पातळीचें असतें, लाटेचें नसतें. जुलै २०२३ मध्यें वांद्र्याच्या ह्याच किनाऱ्यावर खडकावर बसलेली एक माता मुलांच्या डोळ्यांदेखत लाटेनें ओढली जाऊन प्राणास मुकली. त्या वेळीं कृष्ण पक्षाची अष्टमी जवळ आलेली होती. तो उधाणाचा दिवस नव्हता. आषाढ-श्रावणांत खडकांवर उतरूंच नये, हा एकच नियम त्या दिवसांना लागू आहे.

इतर ऋतूंत सहलीचा दिवस समुद्राच्या वेळेप्रमाणें लावावा. एकादशी असेल तर भरती सकाळीं सव्वाआठास होऊन ओहोटी दुपारीं अडीचला पूर्ण होईल. मंडळींनीं बागेंत सावलीला जेवावें, एकच्या सुमारास मुलांना खडक दाखवावयास न्यावें आणि अडीच वाजतां निमूटपणें वर यावें. चतुर्थीस ओहोटी सकाळीं नऊच्या आधींच होते. त्या दिवशीं खडकांची भेट आधीं आणि जेवण मागाहून. पौर्णिमेस भर दुपारीं उधाण असतें, तेव्हां खडकांचा नाद सोडून बागेंतूनच समुद्राचें तें रूप पाहावें. तेंही कांहीं कमी प्रेक्षणीय नसतें.

एवढा हिशेब सहलीस निघण्यापूर्वीं मुलांकडूनच करवून घ्यावा. तिथि विचारावी, पाऊणपट करावयास सांगावी आणि तेथें पोंचल्यावर घड्याळाशीं ताडून पाहावयास लावावें. पाणी सांगितल्या वेळीं मागें फिरलें म्हणजे त्यांना जो आनंद होतो, तो शाळेंतील कोणत्याही उदाहरणाच्या उत्तरानें होत नाहीं. आणि ज्या मुलाला समुद्र केव्हां परतणार हें ठाऊक आहे, तें मूल वडिलांनीं हांक मारण्यापूर्वींच खडकावरून उठतें.