भिंतींना गोधड्या टांगून

लेण्याद्रीच्या पायथ्याच्या एका भजनी मंडळाला गणपतीची चार पदं पुण्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड करायची होती. तालमीसाठी मला बोलावलं. पहिल्या संध्याकाळी मी काहीच शिकवलं नाही. मोबाईल पायथ्याच्या देवळाच्या खांबाशी ठेवला, एक पद म्हणायला लावलं आणि संपल्यावर सगळ्यांना बसवून ऐकवलं. शेवटाला लय जवळजवळ दीडपट झाली होती. बुवा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपण एवढं पळतो?”

भजनात लय चढणं हा दोष नाही, गजर रंगतो तो त्यामुळेच. पण स्टुडिओत कानात मेट्रोनोमचा ठोका असतो. पखवाज, टाळ, गाणं वेगवेगळं रेकॉर्ड होतं. म्हणून दुगण कुठल्या ओळीला लागणार ते ठरवून टाकलं. तोवर लय तसूभर हलायची नाही. पंधरा दिवस हेच चाललं.

आवाजाची गोष्ट आणखी अवघड. लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढून गेलं की सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती. समोरच्या एवढ्या मोठ्या सभामंडपात एकही खांब नाही. आरतीचा सूर दगडावर आपटून घुमत परत येतो. ही माणसं लहानपणापासून त्या घुमाऱ्यात गायलेली. ओळीचा शेवट सोडून दिला तरी दगड तो सांभाळतो. स्टुडिओच्या भिंती सूर पिऊन टाकतात. म्हणून एका घरातल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या आणि तिथे बसलो. पहिल्या दिवशी सगळ्यांचाच आवाज उघडा पडला. चौथ्या दिवशी ओळीचं शेवटचं अक्षर पुरं ऐकू यायला लागलं.

टाळाच्या अकरा जोड्या होत्या. रेकॉर्डिंगमध्ये त्या शब्द गिळून टाकतात. एकेक वाजवून पाहिली, एकमेकींच्या सुराजवळच्या तीन ठेवल्या. उरलेल्यांना धृपद धरायला बसवलं. एक म्हातारे टाळकरी म्हणाले, “माझा टाळ पंढरीला जाऊन आलाय.” तरी तो ठेवता आला नाही. ते मला अजून लागून आहे.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांच्या या तालुक्यात ढोलकी-पखवाजाला हातांची वाण नाही. पखवाजी तयारच होता. त्याला एवढंच सांगितलं की ए.सी.त धुमेची, म्हणजे डाव्या तोंडाची, कणीक सुकते, कातडं ताणलं जातं आणि सूर चढतो. त्याने मळलेली कणीक ओल्या फडक्यात बांधून घेतली, हातोडी घेतली. तासभर आधी पोचून वाद्य खोलीच्या हवेला लागू दिलं आणि मगच पेटीशी जुळवलं.

चार पदं सहा तासांत झाली. भाडं तासावर होतं.

रेकॉर्डिंगच्या विचारात असलेल्या मंडळांना माझं सांगणं आहे: तारीख घेण्याआधी महिनाभर मोबाईल खांबाशी ठेवा, आणि ऐकताना बुवांनाही शेजारी बसवा.