बॅटरीने केला मामांचा मामा!

"अगं, फुल्ल चार्ज केली होती!" चौसाळ्याच्या भर उन्हात स्कूटर ढकलत आलेले माझे मामा. निघाले होते मांजरसुंब्याला, अर्ध्या वाटेवरून परत. स्वस्तातली ई-स्कूटर, घेऊन जेमतेम दीड वर्ष. दुकानदाराचं उत्तर तयार : 'तुम्हाला वापरता येत नाही.'

खरंय. पण सांगितलं कुणी होतं? गाडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरी. मामा ती पार संपवून मगच चार्जिंगला लावायचे. जुन्या मोबाइलची सवय! ही बॅटरी मात्र फार वेळ उपाशी राहिली की प्लेट्सवर सल्फेटचा थर बसतो, क्षमता गेली ती गेली. निम्मी उरली की प्लग लावायचा, बस्स. त्यात बीडचा उन्हाळा. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना हिचं आयुष्य साधारण निम्मं होतं आणि इथे मेमध्ये पारा चाळिशीपार!

गोल्फवाल्या बड्या साहेबांचंही तेच, बरं का. त्यांच्या इलेक्ट्रिक ट्रॉलीची बॅटरी '18 होल्स', '36 होल्स' अशी विकतात. आकडा नव्या बॅटरीचा! जुनी झाली की सोळाव्या होलला साहेबांचाही मामा.

मामांना आता लिथियम हवी. महाग, पण जास्त टिकते. मी म्हटलं, आधी विचारा : वॉरंटी किती? क्षमता किती टक्क्यांवर आली की बदलून देणार? आणि जुना चार्जर चालेल?

"चालेल की!" दुकानदार म्हणाला. लिथियमला चार्जर वेगळा लागतो.

मामा सध्या एसटीने जातात.