फोन ऑनलाइन बोलीवर विकताय? आधी गिऱ्हाईक पारखा, मग भाव



जुन्या मोबाइलच्या धंद्यावरचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला, त्यांच्यासाठी हा त्याचा पुढचा भाग. व्हिडिओत फोनचा भाव कसा ठरवायचा ते सांगितलं होतं. आज त्याहून महत्त्वाचं बोलू. बोली लावणारा माणूस खरा आहे की नुसता टाइमपास, की सरळ सरळ ठग, हे कसं ओळखायचं?

१२ हजारांचा फोन म्हणजे आपल्याकडे बऱ्याच घरांचा महिन्याचा किराणा आणि पोराची फी. तो फोन गेला आणि पैसेही आले नाहीत, तर नुकसान भरून काढायला दोन-तीन महिने लागतात. दुकानदाराच्या तर दहा फोनचा नफा एका फोनात जातो.

यार्डातला लिलाव आणि मोबाइलवरचा लिलाव

आपण खान्देशातली माणसं, लिलाव आपल्याला नवा नाही. बाजार समितीत माल नेला की बोली लागते. पण तिथे बोली लावणारा व्यापारी समोर उभा असतो. त्याच्याकडे परवाना असतो, मधे अडत्या असतो. बोली लावून तो पळाला, तर उद्या त्याच यार्डात त्याला तोंड दाखवायचं असतं. पैसे अडकले तर बाजार समितीत तक्रार करता येते.

ऑनलाइन लिलावातही सुरुवातीला असा मधला माणूस होता. आपल्या देशात बाझी डॉट कॉम ही लिलावाची मोठी साइट होती. २००४ मध्ये ती ईबेने विकत घेतली. ईबे इंडियावर ‘पैसापे’ नावाची सोय होती. गिऱ्हाइकाचे पैसे आधी तिथे जमा व्हायचे आणि माल पोचल्यावर विकणाऱ्याला मिळायचे. २०१८ मध्ये ईबेची ती भारतीय साइट बंद झाली.

आज आपण फोन विकतो तो फेसबुकवर, ओएलएक्सवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर. ‘रात्री ९ पर्यंत सगळ्यात जास्त बोली ज्याची, फोन त्याचा’ असं लिहून टाकतो. इथे परवाना नाही, अडत्या नाही, पैसे धरून ठेवणारं कुणी नाही. म्हणजे अडत्याचं काम आता तुम्हालाच करायचंय. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

कच्चं गिऱ्हाईक कसं ओळखायचं?

१. घासाघीस न करणारा. तुम्ही १३ हजार म्हणालात आणि समोरचा लगेच ‘ओके, डन’ म्हणाला. बॅटरी कशी आहे, बिल आहे का, काही विचारलं नाही. जळगावचा माणूस ५० रुपयांच्या कव्हरसाठी घासाघीस करतो भो, १३ हजारांसाठी नाही करणार? सावध व्हा.

२. येऊ न शकणारा. ‘मी लष्करात आहे, पोस्टिंग लांब आहे, माझा माणूस फोन घेऊन जाईल, पैसे आत्ताच टाकतो.’ सोबत वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतात. फोटो कुणाचाही असू शकतो. खऱ्या जवानाला तुमचा फोन न बघता घ्यायची काहीच गरज नाही.

३. घाई करणारा. ‘पाच मिनिटांत जाहिरात काढा, दुसऱ्याला देऊ नका.’ पण तो स्वतः टोकन द्यायला तयार नसतो.

४. भाव फुगवून गायब होणारा. हा ठग नसेलही. रात्री हौसेने १५ हजार बोलतो, सकाळी फोन उचलत नाही. तोवर १२ हजारवाला दुसरीकडे घेऊन मोकळा होतो.

५. येऊन भाव पाडणारा. ऑनलाइन १४ बोलतो, समोर आल्यावर ‘स्क्रॅच आहे, १० देतो’ म्हणतो. यावर उपाय एकच. स्क्रॅच, बॅटरी, बदललेला डिस्प्ले हे सगळं जाहिरातीतच फोटोसह लिहा. मग पाडायला त्याला कारणच उरत नाही.

आणि प्रोफाइलवरच्या स्टारवर विसंबू नका. ईबेने २००८ पासून विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाबद्दल वाईट शेरा द्यायची सोयच बंद केली. म्हणजे तिथे पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाचे स्टारही चकचकीत दिसू शकतात.

बोलीचे नियम आधीच लिहा

जाहिरातीतच चार ओळी टाका:

- बोली दिवसा संपेल, समजा रविवारी दुपारी १२ वाजता.
- बोली जिंकणाऱ्याने २ तासांत ५०० रुपये टोकन द्यायचं. फोन सांगितल्यासारखा नसेल तर टोकन जागेवर परत.
- २४ तासांत येऊन फोन नेला नाही, तर दुसऱ्या नंबरच्या माणसाला त्याच्या बोलीच्या भावात.
- फोन कुरिअरने पाठवला जाणार नाही.

ईबेवरसुद्धा गिऱ्हाइकाला पैसे द्यायला ४ दिवसांची मुदत असते. त्यानंतर विकणारा सौदा रद्द करू शकतो. आपण तर गावातल्या गावात विकतोय, आपल्याला २४ तास पुरे.

समजा एकाची बोली १३,५०० ची आहे, पण तो लांबचा आहे आणि टोकन देत नाही. दुसरा १२ हजार म्हणतो, पण उद्या गोलाणी मार्केटला यायला तयार आहे. मी १२ हजारवाल्याला देईन. बोली म्हणजे पैसे नव्हेत. हातात येतात ते पैसे.

आणि मित्राला खोटी बोली लावायला सांगून भाव वाढवू नका. लोकांना कळतं, आणि मग तुमच्या पुढच्या जाहिरातीला कुणी विचारत नाही.

पैसे घेताना

एक गोष्ट पाठ करा: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. ‘हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असं कुणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबवा. २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीला जुना सोफा ऑनलाइन विकताना असंच फसवलं. आधी खात्यात थोडे पैसे टाकून विश्वास मिळवला, मग क्यूआर पाठवला आणि ३४ हजार गेले. तेव्हा ‘आम्ही शिकलेले आहोत’ म्हणून निवांत बसू नका.

ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याला पैशाची कलेक्ट रिक्वेस्ट पाठवायची सोय यूपीआयने बंद केली. पण क्यूआर आणि लिंकचे खेळ अजून चालू शकतात.

स्क्रीनशॉट म्हणजे पावती नाही. पैसे गेल्याचा हुबेहूब स्क्रीन दाखवणारी नकली ॲप आहेत. एसएमएसही खोटा पाठवता येतो. स्वतःचं बँक ॲप उघडा, बॅलन्स बघा, मगच फोन हातात द्या. ‘चुकून जास्त गेले, फरक परत करा’ असा फोन आला तरी आधी बॅलन्सच बघा. खरंच जास्त आले असतील तर त्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा आणि तुम्हीही तुमच्या बँकेला कळवा.

आता एक धोका, जो फार कमी लोकांना माहीत आहे. गिऱ्हाईक समोर आलं, पैसे खरंच जमा झाले, पण ते भलत्याच कुणाच्या खात्यातून. ते पैसे कुणाला फसवून आणलेले असले, तर तपासात तुमच्या खात्यातली रक्कम गोठवली जाऊ शकते. तुम्ही फक्त फोन विकला होता, पण निस्तरायचं तुम्हालाच. म्हणून पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि समोरच्याच्या ओळखपत्रावरचं नाव जुळलंच पाहिजे. ‘मित्राच्या खात्यातून टाकतो’ म्हणाला तर रोख घ्या, नोटा तिथेच मोजा.

भेट आणि कागद

भेटायला घरी बोलवू नका. जळगावात गोलाणी मार्केट, धुळ्यात आग्रा रोड, अशी कॅमेरा असलेली ओळखीची मोबाइल शॉपी बघा. दिवसा भेटा, सोबत एक माणूस घ्या.

- *#०६# डायल करून आयएमईआय दाखवा. संचार साथीवर तो नंबर टाकला की फोनची माहिती येते. खऱ्या गिऱ्हाइकाचाही विश्वास बसतो.
- जाहिरातीतल्या बिलाच्या आणि बॉक्सच्या फोटोत मात्र आयएमईआय, नाव, पत्ता झाका.
- पैसे जमा झाल्यावरच गूगल किंवा ॲपल खातं काढून फोन रीसेट करा. सिम आणि मेमरी कार्ड काढा.
- साध्या कागदावर विक्रीपत्र करा: तारीख, वेळ, मॉडेल, आयएमईआय, रक्कम, पैसे कसे मिळाले, दोघांच्या सह्या. सोबत मास्क्ड आधारची प्रत घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

हा कागद का? उद्या त्या फोनवरून काही भानगड झाली, तर ‘फोन अमुक तारखेला विकला’ हे दाखवायला तुमच्याकडे तोच पुरावा असेल. गिऱ्हाईक कागदाला नाही म्हणालं तर फोन परत खिशात टाका.

तरी फसवणूक झाली तर

लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर अडवता येण्याची आशा जास्त असते. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. चॅट, नंबर, व्यवहार क्रमांक काही डिलीट करू नका. फोनच पळवला असेल तर पोलिसात तक्रार देऊन संचार साथीवरून तो ब्लॉक करा. लाज वाटून गप्प बसू नका, उशिराचा फायदा ठगालाच होतो.

दुकानदार मित्रांनो, वरचे नियम एका पानावर छापून काउंटरला लावा. जुना फोन विकायला आलेल्या गिऱ्हाइकालाही एक प्रत द्या. ज्याने आपले पैसे वाचवले, त्याच्याकडेच माणूस पुढचा फोन घ्यायला येतो.

विक्रीपत्र कसं लिहायचं ते पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो. भेटू!