ऐकू येते, पण उमजत नाही

कान म्हणजे आवाज आत घेणारे दार, एवढीच आपली समजूत असते. पण आवाज नेमका केव्हा पोचला, याचाही हिशेब मेंदू ठेवत असतो. उजवीकडून कुणी हाक मारली, तर ती उजव्या कानाला आधी ऐकू येते आणि डाव्या कानाला किंचित उशिरा. हा उशीर फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका! तरीही आपण अचूक उजवीकडे वळतो.

हे जमते ते कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या सुमारे ३०,००० मज्जातंतूंच्या शिस्तीमुळे. दिंडीतले टाळकरी आठवा. सर्वांचे टाळ एकदम पडले, तर ठोका स्पष्ट उमटतो. जो तो मागेपुढे वाजवू लागला, तर नुसता गलका होतो. तंतूंचेही तसेच आहे. ताल चुकला, की आवाज येतो, पण ‘पारा’ की ‘बारा’ ते कळत नाही.

या विकाराला डॉ. अर्नोल्ड स्टार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘ऑडिटरी न्यूरोपथी’ असे नाव दिले. त्याचे एक कारण आपल्या ओळखीचे आहे, ते म्हणजे नवजात बाळाची तीव्र कावीळ. बहुतेक बाळांची कावीळ निरुपद्रवी असते. परंतु रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य फार वाढले, तर श्रवणाच्या मज्जातंतूंना व मेंदूतील श्रवणकेंद्रांना इजा होते. अपुऱ्या दिवसांच्या आणि जन्मतः प्राणवायू कमी पडलेल्या बाळांनाही हा धोका असतो.

“डॉक्टर, ताट पडलं की पोर वळून बघतं, पण हाकेला ओ देत नाही,” असे एखाद्या आजी सांगतात, तेव्हा मी आधी विचारतो, “जन्मल्यावर कावीळ किती झाली होती? काचेच्या पेटीत ठेवलं होतं का?”

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘ओएई’ ही तपासणी फक्त आतल्या कानातील पेशी पाहते. पेशी ठीक असतील, तर तंतूंचा ताल बिघडलेला असूनही बाळ ‘पास’ होते. ताल पाहायचा तर ‘बेरा’ तपासणी हवी. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक टकटक ऐकवतात आणि डोक्याला चिकटवलेल्या तारांतून पहिल्या १० मिलिसेकंदांतील मेंदूच्या लहरी टिपतात. सुई नाही, वेदना नाही.

तेव्हा बाळ पाच दिवसांहून अधिक अतिदक्षता विभागात राहिले असेल, किंवा काविळीसाठी त्याचे रक्त बदलावे लागले असेल, तर ‘बेरा’ अवश्य करून घ्या. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत व्हावे आणि उपचार सहाव्या महिन्याच्या आत सुरू व्हावेत. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट, वाचा-उपचार यांतले काय उपयोगी पडेल ते तज्ज्ञ ठरवतील. “याचे वडीलही उशिराच बोलले,” असे म्हणून वर्ष मात्र घालवू नका. भाषा शिकण्याचे ते दिवस परत मिळत नाहीत.