साष्टीची शतके – भाग ९
वसईचा रणसंग्राम उपनगरांतून पाहताना

वसईची लढाई म्हटली की चिमाजी आप्पा आणि १६ मे १७३९ ही तारीख, एवढे आपल्याला आठवते. हे खरे आहे, पण अपुरे आहे. ही मोहीम दोन वर्षे चालली. तिची सुरुवात वसईला झाली नाही, ठाण्याला झाली, आणि तिचा पहिला विजय साष्टी बेटावरचा होता. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही आजची उपनगरे त्याच बेटावर वसली आहेत.

त्या वेळचा नकाशा आधी डोळ्यांसमोर आणला पाहिजे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबई बेट पुढे लग्नाच्या करारातून १६६५ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले, पण साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यामुळे माहीमची खाडी ही दोन सत्तांमधली सीमा होती. अलीकडे इंग्रज, पलीकडे वांद्र्यापासून पोर्तुगीज.

पोर्तुगीज अमलातल्या धार्मिक जाचाच्या खुणा बोरिवलीत आजही दिसतात. मंडपेश्वरच्या शैव लेण्यांवर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी सोळाव्या शतकात मठ बांधला आणि लेण्याचेच प्रार्थनास्थळ केले. हिंदूंच्या उघड धर्माचरणावर बंधने होती. मालाडचे वतनदार अंताजी रघुनाथ कावळे आणि भिवंडीजवळच्या अणजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे भाऊ यांनी पुण्याला पेशव्यांकडे वारंवार गाऱ्हाणे नेले. नुसत्या तक्रारीवर ही माणसे थांबली नाहीत. वाटा, उतार, चौक्या आणि फितवता येण्याजोगी माणसे, ही सगळी माहिती त्यांनीच पुरवली. परक्या खाडीमुलखात घाटावरच्या फौजेला या माहितीशिवाय पाऊल टाकणे अवघड होते.

पोर्तुगीज तेव्हा ठाण्याला नवा किल्ला बांधत होते. तो पुरा झाला असता तर खाडी ओलांडणे जवळजवळ अशक्य झाले असते. म्हणून बांधकाम अर्धवट असतानाच, मार्च १७३७ च्या अखेरीस, मराठ्यांनी रात्री खाडी उतरून ठाणे घेतले. त्याच किल्ल्यात आज ठाण्याचा तुरुंग आहे. ठाणे पडताच साष्टीचे दार उघडले आणि घोडबंदरही हाती आले. वसईवरचा पहिला हल्ला मात्र फसला. शंकराजी केशव फडके यांच्यासारख्या सरदारांना उरलेले काम मोर्चे धरून, चिकाटीने करावे लागले.

पोर्तुगीजांनीही जोर केला. उत्तर प्रांताचा नवा जनरल पेद्रू द मेलू डिसेंबर १७३८ मध्ये ठाणे परत घेण्यासाठी आरमार घेऊन खाडीत शिरला आणि किल्ल्यावरून आलेल्या तोफगोळ्याने ठार झाला. या हल्ल्याची आगाऊ खबर मुंबईच्या इंग्रजांनीच मराठ्यांना दिली होती. शेजारी दुबळा व्हावा, हे त्यांचे गणित.

यानंतर चिमाजी आप्पा स्वतः मोठ्या फौजेनिशी कोकणात उतरले. जानेवारी १७३९ मध्ये तारापूर घेताना बाजी भिवराव रेटरेकर कामी आले. माणसे कमी पडू लागल्याने पोर्तुगीजांना वसई धरून ठेवण्यासाठी बाकीची ठाणी सोडणे भाग पडले. वेसावे, म्हणजे आज आपण ज्याला मढचा किल्ला म्हणतो तो, आणि भाईंदरजवळचा धारावीचा डोंगर याच काळात मराठ्यांकडे आले. ही धारावी आजच्या शीवजवळच्या धारावीहून वेगळी.

अखेर उरली ती वसई. तिच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल असल्याने हल्ल्याला जमिनीची एकच बाजू होती. समुद्राची वाट मानाजी आंग्र्यांनी रोखली, तर जमिनीवर मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदेही आले. आतला सेनापती सिल्व्हेरा द मेनेझिश मारला गेल्यावर काएतानू द सोझा परेरा याने लढा चालू ठेवला. पैशाची इतकी तंगी होती की चर्चमधली चांदी आणि तोफा गहाण ठेवून इंग्रजांकडून १५,००० रुपये घ्यावे लागले. मराठ्यांना घाई होती, कारण नादिरशहा दिल्लीत शिरला होता आणि पेशवे बाजीरावांना ही फौज उत्तरेकडे हवी होती. मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडले आणि १६ मे रोजी तहाची बोलणी पक्की झाली. शिबंदीला शस्त्रांसह आणि कुटुंबांसह जाऊ देण्यात आले. इतिहासकार ग्रँट डफ मराठ्यांचे सुमारे ५,००० आणि पोर्तुगीजांचे ८०० लोक ठार-जखमी झाल्याचा आकडा देतो. दीड वर्षाने, १७ डिसेंबर १७४० रोजी, चिमाजी आप्पांचे निधन झाले.

आप्पांचे नेतृत्व वादातीत आहे. एवढ्या सरदारांना, आरमाराला आणि स्थानिकांना एका कामावर त्यांनीच बांधून ठेवले. पण या विजयाचे श्रेय एकाच नावावर टाकले की अंताजी रघुनाथ, गंगाजी नाईक, शंकराजी केशव, मानाजी आंग्रे मागे पडतात, आणि ही लढाई आपल्या गल्लीबोळांतून गेली होती हेही विसरले जाते. वसईच्या किल्ल्यात आप्पांचा पुतळा आहे. मालाडच्या माणसाची आठवण मालाडने ठेवायला काय हरकत आहे?

मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात असल्याने तो बाहेरूनच पाहावा लागतो. मंडपेश्वरला मात्र मुलांना जरूर घेऊन जा. १७३९ नंतर तिथे पुन्हा पूजा सुरू झाली होती. साष्टीवरचा मराठ्यांचा अंमल सदतीस वर्षेच टिकला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे कसे घेतले, ते पुढील आठवड्यात पाहू.